रिकाम्या बेडसाठी लिहिलेली ओळ

आधीच सांगून टाकते, मी असल्या गोष्टी मानणाऱ्यांतली नाही. आमच्या कॅज्युअल्टीच्या दारावर लिंबू-मिरची बांधायला निघालेल्या आयाबाईला झापणारी मीच. अठरा वर्षं इमर्जन्सीत नर्स आहे... माणूस रक्त गेल्याने जातो, उशिरा आणल्याने जातो, कधी आमच्या चुकीनेही जातो. नजर लागून गेलेला मी तरी पाहिला नाही. तरी हे लिहिते आहे, कारण मनात ठेवून ठेवून कंटाळले.

रायपूर. उरला नावाच्या कारखान्यांच्या भागाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं एक हॉस्पिटल — नाव सांगत नाही, अजून नोकरी करायची आहे. तळमजल्यावर सहा बेडची कॅज्युअल्टी. कारखान्यांतले अपघात बरेचसे आमच्याकडेच येतात.

इमर्जन्सीच्या नर्सचा स्वभावच वेगळा असतो. हात आधी चालतो, तोंड नंतर. हळू बोलणारा माणूस दिसला की आमच्या जिवाची नुसती तगमग. मी तर समोरच्याचं वाक्य पूर्ण होऊच देत नाही. नवरा रेल्वेत आहे, तो चिडवतो, "तुह्याजवळ चहा मागाची सोय नाही. मागाच्या आधीच आणून आदळते." मला मात्र या झपाट्याचा अभिमान होता.

पण काही महिन्यांपासून गडबड व्हायला लागली. मोबाइल फ्रिजमध्ये ठेवला, चष्मा डोळ्यांवर असताना घरभर शोधला... हे सगळं हसण्यावारी नेलं. मग एके दिवशी ड्यूटीवर दोन नंबरच्या पेशंटचं बीपी तीन नंबरच्या कागदावर लिहिलं. ज्युनिअर पल्लवीने वेळेत पकडलं म्हणून निभावलं. घरी येऊन मी ढसाढसा रडले.

"काहून रडून राहिली?" नवरा म्हणाला. "थकली तू, दुसरं काही नाही. ओपीडीत बदली माग ना."

अर्ज लिहिला. दोन दिवस पर्समध्ये घेऊन फिरले, पण द्यायला हात धजेना. इमर्जन्सी सोडायची म्हणजे आपलं डोकं आता भरवशाचं राहिलं नाही, हे कबूल करायचं. त्याचीच भीती होती.

आता आमची एक सवय सांगते. कागद शोधायला वेळ नसतो, म्हणून आम्ही युनिफॉर्मवर मांडीपाशी पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावतो आणि राहिलेली कामं त्यावर टिपतो. ड्यूटी सुरू होताना नवी पट्टी, संपली की कचऱ्यात. बाकीच्या हिंदीत लिहितात, मी एकटी मराठीत.

अर्ज पर्समध्ये असतानाच एके दिवशी माझी सकाळची ड्यूटी होती. चार नंबरचा बेड बंद होता, ऑक्सिजनच्या पाइपचं काम चाललं होतं. बाराच्या सुमारास तो सुरू झाला आणि साडेबाराला त्यावर पहिला पेशंट आला. रोलिंग मिलमधला कामगार, पायावर सळ्यांचा गठ्ठा पडलेला. आणून सोडणारा माणूस सोडूनच निघून गेला. डॉक्टर म्हणाले, आधी दुखण्याचं इंजेक्शन द्या, मग एक्स-रे.

मी फॉर्म भरला. नाव, वय, वजन... आणि "ॲलर्जी" समोर लिहिलं, नाही. विचारलंच नव्हतं! शंभरातले बहुतेक लोक नाहीच म्हणतात, तेव्हा पेन आपोआप तिकडे गेलं. तेव्हा मला ते कळलंही नाही.

इंजेक्शन भरलं. द्यायच्या आधी सवयीने एक नजर पट्टीवर टाकली.

"चार नंबर — दुखण्याचं इंजेक्शन नको. दम लागतो."

अक्षर माझंच. मी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि त्याला विचारलं, "भैया, दर्द का इंजेक्शन पहले कभी लगा है?"

दात आवळून तो छत्तीसगढीत म्हणाला, "हव दीदी... अभनपुर में लगे रिहिस. सांस अटक गे रिहिस."

अभनपूरला इंजेक्शनने त्याचा श्वास अडकला होता, हे डॉक्टरांना सांगून दुसरं औषध दिलं. तो एक्स-रेला गेला आणि मी स्टुलावर बसून पट्टी पुन्हा वाचली. वरून पहिली ओळ आठ वाजून दहा मिनिटांची. तिसरी नऊची. मी वेळ टाकते नेहमी. ही ओळ दोन्हींच्या मध्ये होती, तिच्यापुढेच तेवढी वेळ नव्हती.

पल्लवी आमच्याच वैदर्भीय घरातली पोट्टी, तिला मराठी सगळं समजतं पण उत्तर हिंदीत देते. तिने वाकून पाहिलं. "ये तो सुबह चाय के टाइम से लिखा है, दीदी. मैंने सोचा, चार तो बंद है, दीदी ने किसके लिए लिखा?"

सकाळच्या चहाच्या वेळी तो माणूस मिलमध्ये धडधाकट उभा होता.

कॉम्प्युटरवर शोधलं, तो आमच्याकडे पूर्वी कधीच आलेला नव्हता. जुनी पट्टी म्हणावी, तर पहिली ओळ त्याच दिवसाची. ओळ लिहिल्याचं मला आठवत नाही... अजूनही नाही.

पण फॉर्मवरचं "नाही" मात्र मला नीट कळत होतं. ते गुपचूप बदललं असतं तर कोणाला पत्ता लागला नसता. मी फॉर्म, पट्टी आणि पर्समधला अर्ज, तिन्ही घेऊन इन्चार्ज सिस्टरकडे गेले आणि सगळं सांगितलं.

"पट्टी का मुझे नहीं पता," त्या म्हणाल्या. "सुई लगाई?"

"नहीं."

"फॉर्म की गलती मुझे किसने बताई?"

"मैंने."

"तो ये अर्जी वापस रखो. कल से नई लड़कियों को फॉर्म भरना तुम सिखाओगी."

चुकीच्या शब्दावर एक रेघ मारून मी सही केली. बाथरूममध्ये जाऊन पुन्हा रडले, पण या वेळी हलकं वाटलं.

मी अजून तिथेच आहे, आणि खरं सांगते, मजेत आहे. ती ओळ कोणी लिहिली, मी लिहिली तर कधी, कशी — उत्तर नाही. कोणाकडे असेल तर जरूर कळवा. भुताटकी म्हणू नका एवढंच.

दहा-बारा दिवसांनी तो मिलमधला कामगार टाके काढायला आला, बायकोला घेऊन. मी नवा फॉर्म पुढे ओढला आणि विचारलं, कोणत्या औषधाचा त्रास होतो का?

तो हसला. "दीदी, आपको तो सब मालूम हे."

"मालूम है," मी म्हटलं. "फिर भी आप बताइए."

त्याने अभनपुरपासून सगळं सांगितलं, अगदी सावकाश, मध्ये बायकोला विचारत विचारत. त्याचं बोलून झाल्यावर मी पेन उघडलं.