मोलकरणींच्या खोलीचं दार

व्हर्ना टलकनं सव्वीस वर्षं कॉरिंडेलचं, मेंढ्यांच्या जुन्या मळ्यावरचं मोठं घर लोकांना दाखवलं. आठवड्यातून तीन दिवस, बिनपगारी. तिची आई त्या घरात स्वयंपाकाला होती. पुढे मालकांचा वंश संपला, मेंढ्या विकल्या गेल्या, घर नगर परिषदेकडे आलं आणि त्याचं संग्रहालय झालं. तेव्हापासून चावी व्हर्नाच्या खिशात.

लोक यायचे भुतासाठी. मागच्या अंगाला मोलकरणींची खोली आहे. व्हर्ना तिचं दार नुसतं लोटून घ्यायची आणि बोलत राहायची. खोलीसमोरच्या, फळ्यांची जमीन असलेल्या बोळात सात-आठ माणसं जमली, की जरा वेळानं ते दार हळूहळू, करकरत, आपोआप उघडायचं. कुणी किंचाळायचं, कुणी हसायचं, आणि मग सगळे गप्प व्हायचे. त्या शांततेत व्हर्ना एक नाव सांगायची. हॅरिएट क्वीक, वय सतरा. याच खोलीत विषमज्वरानं गेली, १८८९च्या उन्हाळ्यात. मालकांच्या कबरींवर संगमरवर आहे. हिची कबर कुठे, ते कुणालाच ठाऊक नाही.

"भूतबित काही नाही रे, क्लेम," ती मला म्हणायची. "पण एका मोलकरणीचं नाव ऐकायला पेट्रोल जाळत कोण येतंय?"

तिला एवढंच हवं होतं. ते नाव कुणीतरी ऐकावं.

माझं काम खुंट बदलण्याचं. आमच्याकडची जुनी घरं लाकडी खुंटांवर उभी असतात. काळी माती उन्हाळ्यात फाटते, हिवाळ्याच्या पावसात फुगते. खुंट कुजतात, खचतात आणि घर कलतं. बेचाळीस वर्षं मी घरांखाली पोटावर सरपटत ती सरळ केली.

तीन वर्षांपूर्वी परिषदेचं पत्र आलं : फळ्यांची जमीन धोक्याची आहे, दुरुस्त करा नाहीतर घर बंद. व्हर्नानं गावाला श्रमदानाला बोलावलं. चौदा जण आले. बायकांनी केक आणले, पुरुषांनी फावडी. सहा शनिवार काम चाललं. एक्केचाळीस खुंट काढले आणि सिमेंटचे बसवले.

"आता तरी तरुणांना घाल खाली," व्हर्ना ओरडायची. "तिथे मेलास तर फेरीत तुलाही दाखवावं लागेल मला."

"तरुण घाई करतात," मी खालून सांगायचो. "आणि मला दाखवायचं तर वेगळं तिकीट लाव."

मोलकरणींच्या खोलीचा कोपरा बत्तीस मिलिमीटर खाली होता. जॅकला थोडा पीळ द्यायचा, थांबायचं, भिंतीला तडा जात नाही ना बघायचं, पुन्हा पीळ. दोन दिवस गेले. मग दार उतरवलं, रंधलं, नव्या बिजागऱ्यांवर टांगलं. चारी बाजूंनी नाण्याच्या जाडीची फट ठेवली. पाणसळीचा बुडबुडा बरोबर मध्ये आला. व्हर्ना चहा घेऊन आली. तिनं दार अर्धं उघडून सोडलं. ते सोडलं तिथेच उभं राहिलं.

"सुरेख," ती म्हणाली.

मलाही तसंच वाटलं.

पुढच्या शनिवारी बेंडिगो शहरातून सहलीची बस आली. बोळात वीस माणसं. व्हर्ना बोलत राहिली. दार हललं नाही. तिनं आणखी बोलून पाहिलं.

"काय आजी, भूत संपावर गेलं का?" एकानं विचारलं. सगळे हसले. तिनं नाव सांगितलं तेव्हा ते चहाकडे निघाले होते.

वर्षभरात बसगाड्या थांबल्या. आठवड्याला चार-पाच माणसं यायची. परिषदेनं कळवलं, घर चालू ठेवायचं की नाही, त्याचा जूनमध्ये निर्णय घेऊ. त्यानंतर व्हर्ना माझ्याकडे आली.

"तो कोपरा खाली सोड."

"काय?"

"थोडासा. दार उघडेल इतका."

"मी घरं सरळ करतो, व्हर्ना."

"माहीत आहे मला. म्हणून तर तुझ्याकडे आले. दुसरा कुणी छत पाडेल."

मी नाही म्हणालो. तिनं चहा संपवला, कप विसळून पालथा घातला आणि गेली.

अकराव्या दिवशी मी गेलो. त्या कोपऱ्यापर्यंत सरपटायला चाळीस मिनिटं लागली. खुंटाच्या डोक्यावरची आठ मिलिमीटरची पोलादी पट्टी काढली, कोपरा खाली सोडला. वर येऊन पाहतो तर दार चौकटीत घट्ट बसलेलं. नाण्याएवढीच तर फट ठेवली होती. पुन्हा उतरवलं, पुन्हा रंधलं. आता ते सुटलं. पण हात काढला की लगेच धाडकन उघडायचं, बोळात कुणी असो वा नसो.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कुजका खुंट बोळातल्या माणसांच्या वजनानं थोडाथोडा दबायचा, म्हणून ते दार वाट पाहून उघडायचं. माझे खुंट दबत नाहीत.

त्या आठवड्यात शाळेची मुलं आली होती. "बाई, दार वाकडं बसवलंय," एक मुलगी म्हणाली. खरंच होतं.

जूनमध्ये निर्णय झाला : घर बंद. शेवटच्या दिवशी मी एकटाच आलो होतो. तरी व्हर्नानं पूर्ण फेरी केली. खोलीपाशी येऊन नाव सांगितलं. ते मी सव्वीस वर्षं ऐकत होतो. तिनं दार लावलं, ते उघडलं. पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. मग तिनं कडी घातली आणि चावी द्यायला गेली.

तो कोपरा अजून आठ मिलिमीटर खाली आहे. आत जाऊन तो वर घ्यायची परवानगी मी परिषदेकडे दोनदा मागितली. उत्तर आलेलं नाही.