अल्सर म्हणायचं ठरलं होतं

बाबांना पोटाचा कर्करोग आहे आणि हाताशी फार तर सहा-सात महिने आहेत, असं डॉक्टरांनी आईला आणि मला वेगळ्या खोलीत बोलावून सांगितलं. बाबा बाहेर बाकावर बसले होते. खोलीतून निघता निघता आईनं माझं मनगट धरलं आणि पुटपुटली, "अल्सर म्हणायचं."

निजामपुऱ्यातल्या घराकडे परत येताना रिक्षात बाबा आमच्या मध्ये बसले. "काय म्हणाले?"

"अल्सर," आई म्हणाली.

"हो, पण जरा हट्टी आहे," मी भर घातली.

घरी आल्यावर फाईल मी गव्हाच्या पिंपात खुपसली. बाबा हायस्कुलात तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्यापासून साधी कॉपीची चिठ्ठी कुणाला लपवता आली नव्हती, हे त्या गडबडीत आम्ही विसरलो.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि गोरव्याच्या एका कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंग्ज काढायचे. संध्याकाळी घरी आले की आधी बाथरूममध्ये शिरायचं, नळ मोठा सोडायचा आणि रडून घ्यायचं. आठवडाभर हे चाललं. मग एके दिवशी बाबांनी दार वाजवलं.

"बाहेर ये. टाकी रिकामी होतेय. रडायचंच तर हॉलमध्ये रड, तिथे पंखा तरी आहे."

बाहेर येऊन पाहते तर फाईल त्यांच्या मांडीवर! तिच्यावर गव्हाचा कोंडा, आणि रिपोर्टवर लाल शाईचा एक ठसठशीत गोल.

"कार्सिनोमाचं स्पेलिंग चुकवलंय," ते म्हणाले. "सीच्या जागी एस. ज्यानं मी मरणार, ते निदान नीट लिहिलेलं तरी असावं."

आई कणकेच्या हातानं स्वयंपाकघरातून बाहेर आली. आधी तिला हसू फुटलं. ते थांबेना, आणि हसता हसताच ती रडायला लागली. "अहो, तुम्हाला कळलं कधी?"

"तू वरणावर दोन-दोन चमचे तूप घालायला लागलीस त्या दिवशी. इतकी वर्षं मागत होतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वेळापत्रक आखलं. संध्याकाळी सहा ते साडेसहा रडायचं, भीती सांगायची, पुढचं काय ते बोलायचं. एरवी घर नेहमीसारखं चालवायचं. मी चिडले. "दुःखाला काय तास असतो का, बाबा?"

"करून तर बघ," ते म्हणाले. मग आवाज उतरला. "मलाही दिवसभर झेपत नाही गं."

ते घाबरले असतील हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी माझ्याच रडण्यात होते.

सुरुवातीला अर्धा तास पुरत नसे. मरणाची नाही, दुखण्याची भीती वाटते, असं बाबा म्हणाले. आईला दुपारच्या रिकाम्या घराची भीती वाटत होती. मी म्हणाले, मला नुसता रागच येतो, कुणाचा ते कळत नाही. हे एकदा बोलून झालं की साडेसहाला आई कुकर लावायची आणि बाबा टीव्हीवरच्या बातमीदाराच्या उच्चारांवर तोंडसुख घ्यायचे.

एकदा सहा वाजता शेजारच्या गुजराती काकी वाफवलेल्या मुठियाची ताटली घेऊन आल्या. आम्हा तिघांचे डोळे लाल बघून घाबरल्या. "शुं थयुं, साहेब?"

"कंई नहीं बेन, आ अमारो रडवानो टाइम छे. बेसो ने," बाबांनी त्यांना आमची रडायची वेळ सांगून बसायला बोलावलं.

काकी बसल्या. अमेरिकेला गेलेल्या मुलाच्या आठवणीनं आमच्यापेक्षा जोरात रडल्या. त्यानंतर आठवड्यातून दोनदा तरी त्या बरोबर सहाला यायच्या. बाबांना फार मजा वाटायची. "बघ, क्लासला नवे विद्यार्थी यायला लागले!"

दिवाळीनंतर त्यांनी अंथरूण धरलं. ज्याची भीती होती ते दुखणं गोळ्यांनी बरंचसं आटोक्यात राहिलं, हे आमचं नशीब. एका सकाळी आई त्यांचे केस विंचरत होती. "भांग डावीकडून," ते म्हणाले. आईनं कंगवा फिरवला, आणि तेवढ्यात ते गेले. तिला कळलं होतं. तरी तिनं भांग नीट पुरा केला, मग मला हाक मारली.

मी जाऊन त्यांच्या पायाशी बसले. त्यांना सांगायचं असं माझ्याकडे काही उरलं नव्हतं, आणि त्या सकाळी मला त्याचाच केवढा आधार वाटला.