एका सहीचं घर

जामसंड्यात माझ्या शेजारी लक्ष्मी राहते. वय चोपन्न, शाळा सातवीपर्यंत. मुंबईला राहणाऱ्यांची इथली बंद घरं सांभाळणं हे तिचं काम. आठवड्यातून एकदा जायचं, दारं-खिडक्या उघडायच्या, केर काढायचा, वाळवी लागली का बघायचं. अशी नऊ घरं तिने वीस वर्षं जगवली. मी तलाठी म्हणून निवृत्त झालो, आयुष्यभर जमिनीचेच कागद हाताळले. पण या बाईने भाड्याने द्यायला पहिलं घर कसं घेतलं, ते आठवलं की मी अजून तोंडात बोट घालतो.

बदलीवर आलेल्या शिक्षिका, नर्स तिला रस्त्यात थांबवून विचारायच्या, "काकी, खोली आसा काय खंय?" नऊ घरांच्या चाव्या कमरेला, आणि द्यायला एक खोली नाही. मालक भाडेकरू ठेवायला तयार नसत. शेवटी तिने नवऱ्याजवळ विषय काढला. हरिश्चंद्र हापूसच्या बागांत फवारणीला जातो.

"पैसे साठले आसत तर सोना घे," तो म्हणाला. "आपणाक रवाक घर आसा मा!"

"सोन्यात कोण रवता?" लक्ष्मी म्हणाली.

तिच्या मालकांपैकीच एकाने स्वतःचं घर स्वस्तात देऊ केलं. ती सातबारा घेऊन माझ्याकडे आली. मी वाचत गेलो, ती बोटांवर मोजत गेली. त्याच्यासकट एकोणीस वारसांची नावं. तिघे वारलेले, एकाचा पत्ताच नाही. घर मात्र देखणं होतं, ती वीस वर्षं ते पुसत आली होती. मला वाटलं, मोह होईल.

"भाऊ, ह्या नको," ती उठता उठता म्हणाली. "माका एका सहीचा घर व्हया."

मग दत्तप्रसाद आला. जागा दाखवणारा तरुण मुलगा, बोलका. त्याने आम्हाला आधी तिसऱ्या मजल्यावरचा नवा ब्लॉक दाखवला. खिडकी उघडली की समोर समुद्र. मी तर बघतच राहिलो.

लक्ष्मी म्हणाली, "समुद्र बगूक पावणे येतले नि दोन दिसांनी जातले. माका वर्षभर रवणारा माणूस व्हया."

मग त्याने शाळेमागच्या गल्लीतला ब्लॉक उघडला. तळमजला, दोन खोल्या, रंग उडालेला. मालक एकटाच होता. लक्ष्मीने न्हाणीत बादलीभर पाणी ओतलं आणि ते कुठल्या बाजूने जातं हे वाकून पाहिलं. भिंतींवरून तळवा फिरवला, कोपऱ्यात नाक नेऊन वास घेतला. शेजारणीला गाठून मे महिन्यात विहिरीला पाणी किती राहतं ते विचारलं. दत्तप्रसादला वाटलं, झालं, आता विसाराचे पैसे देणार.

"जुलैत परत येतलंय," ती म्हणाली.

"काकी, तवसर जातला ता!"

"गेला तर गेला."

पण ब्लॉक राहिला. जुलैत पाऊस कोसळत असताना ती मला घेऊन तिथे गेली आणि तासभर छताकडे बघत उभी राहिली. एका कोपऱ्यात ओल उमटली. माझा चेहरा पडला. ती म्हणाली, "भाऊ, ही पावसाची ओल नाय. वरच्या न्हाणीचो पाइप आसा." वर जाऊन पाहिलं, तर पाइपच निघाला. अर्ध्या दिवसात प्लंबरने काम संपवलं. घरं काय काय सांगतात, आणि ती बाई ते कसं ऐकते!

साठलेल्या पैशांत तिने बँकेचं कर्ज घातलं; भाड्यातून त्याचा हप्ता सुटला पाहिजे, एवढाच एक हिशेब तिने केला होता. रजिस्ट्रीच्या दिवशी कचेरीतल्या संगणकावरच्या ऑपरेटरने हरिश्चंद्रकडे बघून विचारलं, "खरेदीदार तुम्ही का?"

"मी आहे," लक्ष्मी पुढे झाली.

अंगठा ठेवला, तर यंत्र तो घेईना. वीस वर्षं लाद्या पुसून रेषाच झिजल्या होत्या. तिने पदराला अंगठा घासला, पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा घेतला. पडद्यावर स्वतःचा फोटो आला, तेव्हा त्याखालचं नाव तिने एकेक अक्षर लावून वाचलं. बाहेर पायरीवर ती दहा मिनिटं बसली. हरिश्चंद्रने तिच्यासाठी चहा आणला.

पहिली भाडेकरू आली मालवणची फ्लाव्हिया, शाळेत नवी शिक्षिका. सामान लावताना हातात येशूची तसबीर धरून तिने विचारलं, "काकी, हंयसर एक खिळो मारू काय?"

लक्ष्मी त्या भिंतीवरून तळवा फिरवू लागली. फ्लाव्हिया घाबरली. मग लक्ष्मी म्हणाली, "मार गो, व्हये तितके मार."

संध्याकाळी ती आमच्या ओट्यावर येऊन बसली. "भाऊ, आजवर लोकांच्या घरात खिळो मारूक मीच विचारत इलंय," ती म्हणाली आणि आपल्याच हातांकडे बघत राहिली. 

फ्लाव्हियाचं तिथे आता चौथं वर्ष चालू आहे. गेल्या डिसेंबरात लक्ष्मीने त्याच गल्लीत दुसरा ब्लॉक घेतला. त्याचे कागद तिने आधी स्वतः चष्मा लावून वाचले, शंका आली तिथे दोन ठिकाणी पेन्सिलने खुणा केल्या आणि मग माझ्याकडे आणले. दोन्ही खुणा बरोबर होत्या.