सुरतला दिसेल असा सिनेमा

“टाईम म्हंजे टाईम, भाऊ,” असं म्हणून आबा मनगटावरच्या घड्याळाची काच शर्टाच्या बाहीने पुसत. बसड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले, तरी रोज शिंदखेड्याच्या स्टँडसमोर चहा पीत बसायचे आणि उशिरा सुटणाऱ्या गाड्यांचा मनापासून उद्धार करायचे. चहावाला वैतागून म्हणायचा, आबा, तुम्हीच घ्या ना चालवायला. असा एखादा माणूस तुमच्याही स्टँडवर असेल. मी आमच्या आबांना सिनेमात घेतलं, एवढाच काय तो फरक.

मी लग्नांचं शूटिंग करतो आणि अधूनमधून फोनवर बघायचे खानदेशी सिनेमे काढतो. यंदा आम्ही तो जुना हिंदी सिनेमा आपल्या बोलीत करायला घेतला. बाप पोलीस, मुलगा गुंड, आणि शेवटी बाप स्वतःच्या हाताने मुलाला गोळी घालतो. तुम्ही तो टीव्हीवर दहा वेळा पाहिला असेल. आबांनी तरुणपणी धुळ्याच्या टॉकीजमध्ये पाहिला होता, आणि “बाप बराबर व्हता” हा त्यांचा निकाल कायमचा ठरलेला होता. त्यांच्या घरी नोकरीतले खाकी कपडे होते, आवाज खणखणीत होता. बाप शोधायला आम्हाला लांब जावं लागलं नाही.

हो म्हणण्याआधी त्यांनी एकच विचारलं, “हाऊ पिच्चर सुरतले दिसी का?”

फोनवर कुठेही दिसतो, मी म्हटलं. मग ते राजी झाले.

सुरतला त्यांचा एकुलता एक मुलगा आहे. गावात ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. मुलाची धुळ्याला पोलीसभरती होती, आणि वयाच्या हिशेबाने ती त्याची शेवटची संधी होती. सकाळच्या गाडीवर नेमके आबाच होते. मुलगा उशिरा उठला. गाडी स्टँडबाहेर पडली तेव्हा तो बूट हातात घेऊन मागे धावत होता. आबांनी त्याला आरशात पाहिलं. कंडक्टरने थांबायची घंटा दिली. आबा थांबले नाहीत. सगळ्यांना एक नियम आणि घरच्याला दुसरा, हे त्यांना जमलंच नसतं. भरती हुकली. मुलगा सुरतेला कापडगिरणीत लागला आणि त्याने आईबापाचं नाव टाकलं. आक्का, म्हणजे आबांच्या पत्नी, फोन करत राहिल्या. तो उचलत नाही.

शेवटचा प्रसंग आम्ही कापसाच्या शेतांमधल्या रस्त्यावर घेतला. मुलाचं काम करणारा पोरगा पळत सुटला. आबांनी खेळण्यातलं पिस्तूल रोखलं. मी ‘गोळी!’ म्हणून ओरडलो. आबांनी पिस्तूल टाकून दिलं आणि ते त्या पोराच्या मागे धावत सुटले. सत्तरीचा माणूस, निवृत्तीनंतर धोतराची सवय, अंगात घट्ट झालेली खाकी पॅन्ट.

“थांब रे दादा,” ते ओरडत होते. “थांब, मी गाडी उभी करस.”

पोरगा घाबरून आणखी जोरात पळाला. आबा रस्त्यातच बसले आणि रडले. पुन्हा घ्यायचं का, असं विचारायची कुणाची छाती झाली नाही. सिनेमा तसाच नेटवर टाकला. बघणाऱ्यांनी खाली कमेंटमध्ये शिव्या घातल्या, की बाप गोळी का घालत नाही.

आबा रोज माझ्याकडे येऊ लागले. मन्हा आंडोरनी, म्हणजे माझ्या मुलाने, काही लिखं का, एवढंच विचारायचे. शेवटी आक्कांकडून नंबर घेऊन मीच मुलाला सिनेमा पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आलं. ‘त्यांना सांगा, सिनेमात तरी धावले.’

मी जसंच्या तसं वाचून दाखवलं. लपवायला हवं होतं की नाही, मला अजून कळत नाही. आबांनी फोन हातात घेऊन ते पुन्हा वाचलं.

“म्हंजे त्यानी शेवटलोंग देखा,” ते म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता, आणि मला तो बघवेना.

दुसऱ्याच दिवशी ते सुरतेला गेले. पत्ता नाही, गिरणीचं नाव माहीत नाही. आता मुलगा माझाही फोन उचलत नाही. संध्याकाळी कुणाच्या तरी फोनवरून आबांचा फोन येतो, तेव्हा मी आक्कांजवळ बसलेला असतो.

“आज बी नही सापडना,” ते सांगतात. “गिरण्या गह्यऱ्या शेतस, शंभर तरी व्हतीन. सकाय परत देखस.”

आक्का विचारतात, जेवले का. तिकडून उत्तर येण्याआधीच फोन कट होतो.