करंगळीला आलेल्या मुंग्या

मी शिकलो तो आमच्या शाळेतल्या खेळाच्या सरांमुळे. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. नववीत सरांनीच माझ्या हातात भाला दिला. लासुर्ण्याच्या माळावर ते संध्याकाळी फेकी मोजायचे आणि घरी निघताना रोज विचारायचे, करंगळीला मुंग्या येतात का? भाला फेकणाऱ्याच्या कोपरात आतल्या बाजूची नस ओढली जाते आणि ते करंगळीत कळतं, हे त्यांना ठाऊक होतं. मुंग्या आल्या की त्याच दिवशी फेक बंद, असा त्यांचा नियम होता.

बारावीत मुंग्या आल्या. जिल्ह्याची स्पर्धा जवळ होती. मी रोज ‘न्हाय सर’ म्हणत राहिलो आणि त्यांच्या नकळत हाड बसवणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे जाऊ लागलो. तो गरम तेल लावून नेमकी तीच नस अंगठ्यानं रगडायचा. चार खेपा झाल्या आणि एका सकाळी मला सदऱ्याचं बटण लावता येईना.

बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, नस दबलीय, फार उशिरा आलात. दुसऱ्या दिवशी वडील मला मुख्याध्यापकांकडे घेऊन गेले. सर तिथंच होते.

‘दुखत असताना ह्याला कुणी फेकाय लावलं?’ वडिलांनी विचारलं.

मी म्हणालो, ‘सरांनी.’

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग वडिलांना म्हणाले, ‘पोरगं म्हणतंय तर चुकलं असंल माझं, आबा.’

भाले खोलीत बंद झाले. सरांकडे नुसती कवायत उरली. तरी निकालानंतर मला मोटारसायकलवर बारामतीला नेऊन कॉलेजचा अर्ज त्यांनीच भरला, कारण माझ्या बोटांत पेन ठरत नव्हतं. तेव्हाही मी बोललो नाही. पदवी झाली, एमआयडीसीतल्या डेअरीत नोकरी लागली. गावात अजून म्हणतात, त्या मास्तरनं पोराचा हात घालवला. मी ऐकून घेतो. या महिन्यात सर निवृत्त होतायत, तेही हाच डाग घेऊन. परवा हे पत्र टाकलं:

‘आदरणीय सर,

मुंग्या स्पर्धेच्या कितीतरी दिवस आधीपासून येत होत्या. तुम्ही रोज विचारलंत, मी रोज खोटं बोललो. हात मी घालवला. काल वडिलांना सांगितलं, ते अर्ध्या जेवणावरून उठले. सोमवारी आम्ही दोघं शाळेत येतोय. जे बोलायचं ते मुख्याध्यापकांसमोर बोलणार आहे. तुम्ही नको म्हणाल, म्हणून विचारत नाही.

तुमचा विद्यार्थी’