अक्कांनी बरण्यांचं पाणी बदललं

मंडळी, आज सायबर कॅफेत आलेय ती फक्त ग्रुपवर हे सांगायला. घरात बोलायची सोय नाही.

सुट्टीत कॉलेजची प्रयोगशाळा बंद, म्हणून पिंप्राळ्याच्या घरी मागच्या ओट्यावर मी दोन बरण्या मांडल्या होत्या. दोन्हींत केळीच्या खांबाचा आंबवलेला लगदा. एकीत सेलमधल्या कार्बनच्या कांड्या घालून बॅटरीचा हलका करंट सोडला होता. करंट दिला तर जिवाणू या कचऱ्यापासून जास्त आम्ल बनवतात का, एवढंच बघायचं होतं. आम्ल उतरतं पाण्यात, आणि ते पाणी आज तपासायचं होतं.

सासूबाई, म्हणजे आमच्या अक्का, भडगावहून ज्वारीचे पापड, आमच्याकडचे बिबडे, करायला आल्यात. बिबड्यांची ज्वारी भिजत घातली की तिचं पाणी रोज बदलावं लागतं, नाहीतर घाण वास सुटतो.

मी बाजारातून आले तर दोन्ही बरण्यांत लगद्यावर नितळ पाणी!

"पानीले वास ई ऱ्हायंता पोरी, मी बठ्ठं बदली टाकं," अक्का म्हणाल्या. तारासुद्धा होत्या तशा जपून परत लावल्या होत्या. करंट चालू होता, स्वच्छ पाण्यात.

मोरीकडे बघितलं. जुनं पाणी केव्हाच वाहून गेलं होतं. फरशीसुद्धा वाळली होती.

"बरं केलंत, अक्का," एवढंच तोंडातून निघालं. त्यावर त्या खूश होऊन म्हणाल्या, "सकायबी बदलसू!"

म्हणजे उद्याही. सांगा, इतक्या मायेनं हात लावणाऱ्या माणसाला 'हात लावू नका' म्हणायचं तरी कसं?