धुऱ्यावरची चिमणी

२२ जुलै. तिन्हीसांजेला लाइन गेली. सावली गावाहून स्कूटीवर निघालेली माझी मुलगी अजून आली नव्हती, तिचा फोनही लागत नव्हता. मोबाइलच्या टॉर्चवर पाण्याने भरलेली बाटली ठेवली की उजेड पसरतो. ती जोडी उंच धरून मी चार वेळा फाटकापर्यंत जाऊन आले. चौथ्या वेळी हात भरून आला आणि तो ठणका ओळखीचा वाटला.

मी दहा वर्षांची असेन. तेव्हाही लाइन गेली होती. आई धानाच्या रोवण्याला गेलेली, अंधार पडला तरी परतली नव्हती, आणि त्याच आठवड्यात गावातली गाय वाघाने नेली होती. मी औषधाच्या बाटलीच्या झाकणाला खिळ्याने भोक पाडलं, चिंधीची वात ओवली, रॉकेल ओतलं आणि ती चिमणी डोक्यावर धरून शेताच्या बांधावर, धुऱ्यावर उभी राहिले. धूर नाकात जात होता. हात खाली करायची भीती वाटत होती.

समोर धपकन आवाज झाला. धुऱ्यावरून घसरलेली आई बांधीतल्या, म्हणजे भातखाचरातल्या चिखलातून उठली.

"काऊन वं, डोळ्यात दिवा घालून राह्यली? अंधारात मले धुरा बराबर दिसत होता!"

"वाघ आला असता तर?"

"तुह्या दिव्यानं त्यालेच मी दिसली असती!"

तेव्हा मला फार राग आला होता. आता कळतं, तो उजेड मलाच हवा होता.

मी बाटली खाली पायरीवर ठेवली. थोड्या वेळाने मुलगी आली आणि न अडखळता आत गेली.

२३ जुलै. सकाळी चार्जिंगचा दिवा आणला आणि फाटकाच्या खांबाला गुडघ्याएवढ्या उंचीवर, तोंड जमिनीकडे करून ठोकला.